गिटारवाला गेला, अल्बम राहिला: पंक बँडने पुढचं काम कोणत्या क्रमाने करावं

बँडमधून एकजण बाहेर पडला की दुसऱ्याच दिवशी इन्स्टाग्रामवर स्टोरी पडते: 'गिटारिस्ट पाहिजे, अर्जंट, अल्बमचं काम सुरू आहे.' चुकायला इथूनच सुरुवात होते. पुण्यात ओळखीचे चार-पाच बँड याच वाटेने गेलेले पाहिलेत. आधी नवा माणूस, मग स्टुडिओची तारीख, आणि मग लक्षात येतं की निम्म्या गाण्यांच्या फायली गेलेल्याच्या लॅपटॉपमध्ये आहेत आणि तो जर्मनीला पोचलाय. आमच्या बँडनेही हेच केलं. सहा महिने गेले, वर स्टुडिओला दिलेला ॲडव्हान्स बुडाला.

बाहेरच्यांना वाटतं पंक बँड भांडून फुटतात. आपल्याकडे माणसं एमएसला जातात, लग्न ठरतं, बेंगळुरूची ऑफर येते. भांडण नसतं, म्हणून सगळे गोड बोलतात आणि जे आत्ताच स्पष्ट बोलायला हवं ते राहून जातं. चौघांचा बँड, दोनातला एक गिटारिस्ट गेला, दहा-बारा गाणी अर्धवट तयार, असं धरून पुढचं लिहितोय. गायक किंवा ड्रमर गेला असेल तर फरक कुठे पडतो ते त्या त्या जागी येईल.

## १. तो काय काय करायचा, ते आधी लिहून काढा

उरलेल्या तिघांनी एका टेबलावर बसायचं. कागदावर फक्त 'गिटार' लिहून उठायचं नाही. बँडमधला प्रत्येकजण वाद्याखेरीज पाच-सात कामं करत असतो आणि ती तो गेल्याशिवाय दिसत नाहीत. जॅमरूम (सरावाची खोली) कोण बुक करायचं? अँप कोणाच्या गाडीतून यायचा? गाणं सुरू करताना चार आकडे कोण मोजायचं? शब्द कोण दुरुस्त करायचं? 'हे गाणं लांबलंय, कापा' असं कोण म्हणायचं?

आमच्या यादीत हे शेवटचं काम सगळ्यात महाग पडलं. गाणी कापणारा गेला आणि अडीच मिनिटांची गाणी हळूहळू चार मिनिटांची झाली. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

प्रत्येक कामापुढे उरलेल्यांपैकी एकाचं नाव लिहा. 'सगळे मिळून बघू' हे नाव नव्हे.

## २. गेलेल्यासोबत एक बैठक, सगळं हातात घेऊन

ही बैठक तो शहर सोडायच्या आत व्हायला हवी. नंतर वेळेचं गणित जमत नाही आणि 'वीकेंडला पाठवतो' हा निरोप तीन महिने चालतो.

फायली. प्रत्येक गाण्याची मूळ सेशन फाइल (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली, सगळे ट्रॅक मांडलेली) घ्या आणि त्यासोबत प्रत्येक ट्रॅक वेगळा काढलेली डब्ल्यूएव्ही फाइल घ्या, सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारे. नुसती सेशन फाइल पुरत नाही. त्याच्याकडचे प्लगिन (आवाज घडवणारी जोड-सॉफ्टवेअर) तुमच्याकडे नसतील तर ती अर्धी उघडते. फोनवरची व्हॉइस रेकॉर्डिंगही मागा, कारण खरा रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) बऱ्याचदा तिथेच असतो आणि 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरी' या फोल्डरांत त्याची बिघडलेली आवृत्ती.

हात. त्याने वाजवलेल्या प्रत्येक भागाचा, दोन्ही हात दिसतील असा व्हिडिओ घ्या. कॉर्डचं नाव कळून भागत नाही. तीच ए कॉर्ड पाचव्या फ्रेटवर धरली की वेगळी गुरगुरते आणि मोकळ्या तारांवर वेगळी.

खाती. बँडचा ईमेल, इन्स्टाग्राम, बँडकॅम्प, गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं खातं. ओटीपी कोणाच्या नंबरवर येतो ते पाहा. तो नंबर बंद झाला की खातं गेलंच म्हणा.

हक्क. इथे सगळे लाजतात. भारतीय कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, चाल, शब्द आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चाल त्याने बांधली असेल किंवा शब्द त्याने लिहिले असतील तर बँड सोडला म्हणून तो हक्क सुटत नाही. रेकॉर्डिंगचा हक्क ते घडवून आणण्याची जबाबदारी घेणाऱ्याकडे, म्हणजे निर्मात्याकडे असतो. म्हणून प्रत्येक गाण्यापुढे कोणाचा किती वाटा हे टक्क्यांत लिहून चौघांनी सह्या करा.

गाणी वापरण्याची परवानगीही लेखीच घ्या आणि तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो, आणि तुमचं गाणं तर स्ट्रीमिंगवर जगभर जाणार. तिसरी गोष्ट बँडना हमखास नडते: वेगळं काही लिहिलेलं नसेल आणि मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर ते आपोआप रद्द झाले असं मानलं जातं. अल्बम वर्षभरात निघतो असं छातीठोक सांगणारा बँड मला अजून भेटलेला नाही. 'एक वर्षाची अट लागू नाही' ही ओळ घालाच.

> इशारा: 'मी सगळे हक्क कायमचे सोडले' असं मित्राकडून लिहून घेऊ नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा असा सोडून देता येत नाही. पैसा मोठा असेल तर वकिलाकडे जा.

आणि तो गेला म्हणजे संपलं असंही नाही. रमोन्स या अमेरिकन पंक बँडचा पहिला ड्रमर टॉमी १९७८ मध्ये ड्रम्सवरून उठला, पण त्याच वर्षीच्या अल्बमचा सहनिर्माता तोच होता. ड्रम्सवर मार्की आला. बासिस्ट डी डी १९८९ मध्ये बाहेर पडला आणि त्यानंतरही त्याची गाणी बँड वाजवत राहिला. तुमचा माणूस परदेशातून रफ मिक्स (ट्रॅक तात्पुरते एकत्र केलेलं गाणं) ऐकून मत देणार असेल तर ते याच बैठकीत ठरवा, मर्यादेसह. आम्ही 'प्रत्येक गाण्यावर एकदाच, लेखी' अशी अट घातली होती. नाहीतर रात्री दोन वाजता व्हॉइस नोट येत राहतात.

## ३. जागा भरायची की बुजवायची?

नवा माणूस शोधायच्या आधी हा प्रश्न सोडवायचा. रस्ते तीन आहेत.

पहिला, आहे त्यांच्यातच अदलाबदल. पंकमध्ये हा रस्ता चांगला मळलेला आहे. गायक हॉवर्ड डिव्होटो १९७७ च्या सुरुवातीला बझकॉक्स या इंग्लिश बँडमधून गेला, तेव्हा गिटारवरचा पीट शेली गाऊ लागला, बासवरचा स्टीव्ह डिगल गिटारवर आला आणि बाहेरून फक्त बासिस्ट आणावा लागला. द डॅम्डची बहुतेक गाणी लिहिणारा गिटारिस्ट ब्रायन जेम्स गेल्यावर बासिस्ट कॅप्टन सेन्सिबलने गिटार घेतली आणि १९७९ चा अल्बम त्यांनी तसाच केला. बासिस्ट शोधणं सोपं, बँडचा आवाज ओळखणारा गिटारिस्ट शोधणं अवघड, एवढं साधं गणित आहे.

दुसरा, रेकॉर्डिंगपुरतं उरलेल्यांपैकी एकाने दोन्ही वाजवायचं. सेक्स पिस्टल्समधून बासिस्ट ग्लेन मॅटलॉक फेब्रुवारी १९७७ मध्ये गेला आणि सिड व्हिशस आला, पण ऑक्टोबरमध्ये निघालेल्या अल्बमवरचा बहुतेक बास गिटारिस्ट स्टीव्ह जोन्सने वाजवलेला आहे. बहुतेक गाण्यांच्या श्रेयात मॅटलॉकचं नाव मात्र राहिलं, हेही ध्यानात ठेवा.

तिसरा, नवा माणूस.

माझं मत विचाराल तर दोनातला एक गिटारिस्ट गेला असेल तेव्हा आधी तिघांत वाजवून पाहा. अल्बम तिघांत उभा राहिला तर नवा माणूस सावकाश, गिगसाठी (स्टेजवरच्या कार्यक्रमांसाठी) शोधता येतो. गायक गेला असेल तर हा पर्याय फारसा चालत नाही; तिथे आवाज आधी ठरवावाच लागतो, कारण गाण्यांच्या पट्ट्या त्यावर अवलंबून असतात.

## ४. गाणी सोडवून पुन्हा बांधा

सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्या. सगळ्यात जास्त बँड हेच गाळतात.

1. प्रत्येक गाण्याचा तक्ता करा: इंट्रो किती बार (तालाची आवर्तनं), कडवं किती, कोरस किती, कुठे थांबायचं. भिंतीवर लावा.
2. गेलेल्याचा भाग पूर्ण वगळून गाणं वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. वाजवत असताना मत देऊ नका.
3. दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे खड्डा वाटतो त्या बारचे आकडे लिहा.
4. प्रत्येक खड्ड्याचं काय करायचं ते ठरवा: तसाच ठेवायचा, बासने भरायचा, की तो भागच उडवायचा.

दुसऱ्या पायरीला एक गोष्ट होते, तिला घाबरू नका. आमचं एक गाणं दुसऱ्या कोरसनंतर दर वेळी कोसळायचं. तिघंही बरोबर वाजवत होतो, तरी सतराव्या बारला ड्रमर थबकायचा. चौथ्या दिवशी त्यालाच उमगलं: गेलेला गिटारिस्ट त्या जागी डावा खांदा किंचित उचलायचा, आणि याची क्रॅश झांजेवरची काठी त्या खांद्यावर सुटायची. तीन वर्षं तो बार मोजत नव्हताच, खांदा बघत होता. असे खांदे तुमच्याही गाण्यांत असतील. ते शोधून त्यांच्या जागी मोजलेले आकडे किंवा स्नेअर ड्रमचा एक स्पष्ट फटका बसवा.

बहुतेक खड्डे तसेच ठेवलेले बरे, हे मला उशिरा कळलं. कडव्यात फक्त बास-ड्रम आणि कोरसला गिटार कोसळते, याने गाणं उलट मोठं वाटतं. बासिस्टला मात्र कामाला लावा: पिकने, सगळे डाउनस्ट्रोक (फटका फक्त वरून खाली), आणि जिथे दुसरी गिटार वरच्या सप्तकात जायची तिथे त्यानेही वर जायचं. एक धोका आहे. बास वर गेला की तळ रिकामा होतो, म्हणून असं गाण्यात एकदाच.

ड्रमर गेला असेल तर जुन्या रेकॉर्डिंगवरून प्रत्येक गाण्याचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) मोजून तक्त्यावर लिहा. १८४ चा वेग १७६ वर आला तर कागदावर फरक किरकोळ दिसतो, गाणं मात्र मरतं. गायक गेला असेल तर नव्या गळ्याची सगळ्यात वरची, दमदारपणे ओरडता येणारी पट्टी शोधा आणि कोरस तिच्या एक स्वर खाली बसवा. एका टेकला (रेकॉर्डिंगच्या एका खेपेला) सगळेच ओरडतात. वीस टेक पुरायला हवेत.

> तपासणी: शब्द न गाता, तिघांनी एकमेकांकडे पाठ करून गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवा. दोनदा सलग न चुकता जमलं तरच ते गाणं पुढच्या टप्प्यात जाईल. बाराची आठ गाणी उरली तरी हरकत नाही. आठ गाणी, बावीस मिनिटं: पंकसाठी तो पुरेसा अल्बम आहे.

## ५. नवा माणूस घ्यायचाच असेल तर

ऑडिशनला तुमची दोन गाणी आणि एक अगदी नवं, अर्धवट गाणं द्या. तयार गाणं सगळे यूट्यूबवरून बसवून येतात. अर्धवट गाण्यात तो काय भर घालतो ते बघायचं असतं. गेलेल्याची नक्कल करायला सांगू नका. आणि पहिल्याच दिवशी सांगा: तो बँडचा सदस्य आहे की मानधन घेऊन वाजवणारा, रॉयल्टीत वाटा आहे की नाही, जुन्या गाण्यांत की फक्त नव्या. हे 'नंतर बघू' म्हणून सोडलं की दोन वर्षांनी तुम्ही परत टप्पा १ वर.

## ६. स्टुडिओच्या आधीचे तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात प्रत्येक गाण्याचा क्लिकवर (हेडफोनमध्ये ठरलेल्या वेगाने वाजणाऱ्या टिकटिकीवर) गाईड ट्रॅक करा: एक गिटार, एक कच्चा आवाज. क्लिक म्हणजे पंकशी गद्दारी असं मानणारे आहेत. मी त्यातला नाही, पण सगळं गाणं एकाच आकड्यावर ठेवायची गरज नसते. कोरसला दोन-तीन बीपीएम वाढवून तसा क्लिक बनवा, गाणं श्वास घेतं.

दुसऱ्या आठवड्यात ड्रमरने फक्त गाईडवर, हेडफोन लावून वाजवायचं. तिसऱ्यात सामान: गिटारचं सेटअप, नव्या तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चढवून ताणून ठेवणं, स्नेअरचं नवं हेड, काठ्यांचे जादा जोड. पावसाळ्यात रेकॉर्ड करत असाल तर सेटअप आणखी महत्त्वाचं. लाकूड दमट हवा ओढतं, नेक हलते आणि बाराव्या फ्रेटवरचा स्वर सरकतो. तारीख गणपतीच्या दहा दिवसांत आणि त्याआधीच्या ढोल-ताशाच्या सरावाच्या दिवसांत घेऊ नका. स्टुडिओ कितीही साउंडप्रूफ असला तरी नदीकाठच्या पथकाचा ढोल किक ड्रमच्या माइकमध्ये येतो. आमच्या एका गाण्यात तो अजून आहे.

## ७. रेकॉर्डिंगचा क्रम

1. ड्रम्स. मांडणी आणि माइक लावायला अर्धा दिवस धरा. दिवसाला चार-पाच गाणी. वेगवान गाणी आधी, कारण संध्याकाळी मनगट जड होतं. ड्रमरसोबत बास-गिटार वाजू देत, जमलं तर ठेवा.
2. बास. ड्रम्सचे टेक निवडून झाल्यावरच. प्रत्येक टेकनंतर ट्यूनर.
3. ऱ्हिदम गिटार. अँपसोबत गिटारच्या केबलमधून सरळ येणारा स्वच्छ सिग्नलही वेगळा घेऊन ठेवा. अँपचा आवाज नंतर पटला नाही तर तोच सिग्नल दुसऱ्या अँपमधून पुन्हा काढता येतो.
4. मुख्य आवाज. दिवसाला दोन-तीन गाणी, जास्त नाही.
5. गँग व्होकल, म्हणजे घोळक्याने ओरडून गायचे भाग. शेवटी, मित्रांना बोलावून. एका माइकभोवती सहाजण, दोनदा, जागा बदलून.

सगळं २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घ्या आणि लेव्हल लाल दिव्याच्या बरीच खाली ठेवा.

तिसऱ्या पायरीतली चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती नीट सांगतो. गिटारिस्ट एकच उरला म्हणून त्याचा एक टेक घेऊन तोच कॉपी करतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. ऐकायला ते मधोमधच येतं, फक्त जोरात, कारण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत. रुंदी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकातून. तोच भाग पुन्हा वाजवावा लागतो, शक्यतो दुसरी गिटार किंवा दुसरा अँप घेऊन, आणि डिस्टॉर्शन एरवीपेक्षा कमी ठेवून. दोन टेक एकत्र आले की आवाज आपोआप जाड होतो. तिसरी-चौथी गिटार चढवायचा मोह आवरा. रेकॉर्डवर चार गिटारी आणि स्टेजवर एक, हे पहिल्याच गिगला उघडं पडतं.

ड्रमर नसताना 'सॉफ्टवेअरमधून वाजवून घेऊ' हा सल्ला हमखास मिळतो. गिटारिस्ट मिक जोन्सला १९८३ मध्ये काढल्यानंतर क्लॅश या इंग्लिश बँडने १९८५ साली शेवटचा अल्बम काढला. बँडमध्ये ड्रमर होता, तरी त्यावर ड्रम मशीन वापरलं गेलं. तो एकदा ऐका आणि मग ठरवा.

> तपासणी: स्टुडिओ सोडण्यापूर्वी सगळे ट्रॅक दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि घरी एक गाणं उघडून बघा. 'उद्या ड्राइव्हवर टाकतो' या भरवशावर निघू नका.

## ८. मिक्स

मिक्सला बँडमधून एकच माणूस बोलेल. बाकीचे त्याच्याकडे लिहून देतील. रफ मिक्स रिक्षात, स्वस्त इअरफोनवर आणि एखाद्या टपरीवरच्या स्पीकरवर ऐका. जुन्या डेमोशी तुलना आठवड्यातून एकदाच करा. रोज केली की गेलेल्याची गिटार ऐकू यायला लागते आणि तुम्ही ती भरायला निघता.

आवाज चिरडून मोठा करण्यातही आता फारसं काही नाही. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे −१४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचं एकक) आसपास सगळ्यांनाच आणतं. मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) करणाऱ्याला स्नेअर जिवंत ठेवायला सांगा.

## ९. श्रेय आणि रिलीज

प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो. जुनं सिंगल नव्या माणसांनी पुन्हा रेकॉर्ड केलं असेल तर नवा कोड घ्या, जुना चिकटवू नका. गाणी लिहिणारे आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्य असतील तर तिथे टप्पा २ मधलेच टक्के नोंदवा, आठवणीतले नव्हेत. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं ठेवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी ते सिस्टिममध्ये असावं लागतं. मी तीन-चार आठवडे धरतो, कारण कव्हर एकदा तरी परत येतंच.

श्रेयनामावली अपलोड करण्याआधी गेलेल्याला दाखवा. कोणत्या गाण्याची चाल, कोणते शब्द, कुठे त्याचा जुना ट्रॅक तसाच ठेवलाय, सगळं. आम्ही स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा तिकडे पहाट होती. वाट्याबद्दल, गाण्यांच्या क्रमाबद्दल तो काहीच बोलला नाही. एवढंच लिहिलं: 'आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एच राहिला.'